पडून राहिलेल्या गाडीची वायरिंग : जुनीच दुरुस्त करावी की नवी टाकावी?

खान्देशात पडून राहिलेली मोटारसायकल बहुधा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ती ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांमागे उभी असते, तर अमळनेर-पारोळ्याकडे कापसाच्या गाठोड्यांआड. मालक ती थोडक्या पैशांत द्यायला तयार असतो आणि देताना हमखास सांगतो की गाडीला बाकी काही नाही, फक्त वायरिंगचा प्रॉब्लेम आहे. हेच वाक्य ऐकून मी आजवर दोन गाड्या घेतल्या. पहिली हिरो होंडा स्प्लेंडर, सहा पावसाळे शेडमध्ये काढलेली. दुसरी १५० सीसीची सेल्फ-स्टार्टची गाडी, वयाने तिच्याहून बरीच लहान. थोरलीची मूळ वायरिंग मी दुरुस्त करून ठेवली आणि धाकटीची पूर्ण काढून नवी बसवली. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते, पण वायरिंगचे वय हा निकषच नाही, हे मला या दोन गाड्यांनी शिकवले. आपल्या आधी त्या वायरिंगवर किती जणांनी कात्री चालवली आहे, हे पाहायचे असते.

नव्या वायरिंगचे पैसे मोजण्याआधी दोष खरोखर वायरिंगमध्ये आहे का, हे ठरवायला हवे, आणि ते ठरवायला एक दुपार पुरते. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि दुसऱ्या गाडीची चांगली बॅटरी एवढेच लागते. पडून राहिलेल्या गाडीतली बॅटरी मेलेली धरूनच चालावे. तिच्यावर कसलीही चाचणी करण्यात अर्थ नसतो. विश्रांतीत असलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेलेली आणि तशीच महिनोन्‌महिने राहिलेली बॅटरी चार्जरवर लावून वर आली, तरी दोन दिवसांत पुन्हा बसते.

मागून आणलेली ही बॅटरी सरळ जोडू नये. फ्यूज काढावा आणि त्याच्या जागी इंडिकेटर किंवा ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. चावी बंद असताना हा बल्ब लखलखीत पेटला तर कुठेतरी पॉझिटिव्ह वायर सरळ बॉडीला टेकलेली आहे, असा त्याचा अर्थ. बल्बमुळे पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि आपण निवांतपणे एकेक कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लॅस्टिकचा सुटा होणारा जोड) सुटा करत बल्ब कधी विझतो ते पाहू शकतो. ज्या कपलरपाशी तो विझला, त्याच्या पुढे दोष. फ्यूजमागून फ्यूज उडवत बसणाऱ्या मिस्त्रीपेक्षा ही पद्धत स्वस्त आहे आणि माझ्या मते जास्त शहाणपणाची आहे.

गाडीचा वीजपुरवठा कसा आहे, हेही आधीच समजून घ्यावे, कारण दुरुस्त करायचे की बदलायचे याचे निम्मे उत्तर त्यात असते. स्प्लेंडरसारख्या जुन्या १०० सीसी गाड्यांमध्ये इंजिनाच्या ठिणगीचा आणि हेडलाइटचा बॅटरीशी संबंधच नसतो. सीडीआयला (प्लगची ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) मॅग्नेटमधल्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातल्या, स्वतंत्र कॉइलकडून करंट मिळतो आणि हेडलाइट एसीवर चालतो. बॅटरीवर फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रलचा दिवा असतो. म्हणजे प्लगला करंट नाही आणि हॉर्नही वाजत नाही, हे दोन वेगवेगळे आजार असू शकतात. डीसी सीडीआयच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाड्यांत आणि २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषण मानकाच्या) पेट्रोल-इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र सारे एकाच बॅटरीवर लटकलेले असते. तिथे एक सैल टर्मिनल सगळी गाडी बंद पाडते आणि वायरिंगची प्रत्येक जोडणी निर्दोष असणे भाग पडते.

माझ्या स्प्लेंडरच्या प्लगला करंट नव्हता. दोन ठिकाणी मला सीडीआय गेला असे सांगण्यात आले, आणि मी तो विकत घ्यायला निघालोही होतो. होंडाच्या रंगपद्धतीत हिरवी वायर अर्थिंगची (बॅटरीच्या निगेटिव्हला आणि चासीला जोडलेली), लाल बॅटरीची, काळी चावीतून पुढे येणारी आणि काळी-पांढरी वायर इंजिन बंद करणारी. चावी बंद केली की लॉकच्या आत ही काळी-पांढरी वायर हिरवीला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. मी सीडीआयच्या कपलरमधून फक्त ती एक पिन बाहेर काढली, किक मारली, आणि प्लगवर निळी ठिणगी उडाली. सीडीआय ठणठणीत होता. लॉकच्या आत ओलाव्याने धरलेला हिरवा गंज आणि धूळ मिळून चावी चालू असतानाही त्या दोन वायरींना जोडून ठेवत होती. (ही पिन काढून इंजिन चालू केले तर ते चावीने बंद होत नाही, हे आधी लक्षात ठेवावे, मला ते गिअर टाकून, ब्रेक दाबून बंद करावे लागले.) अशा गाडीला नवी वायरिंग टाकून काय झाले असते? लॉक तोच राहिला असता आणि आजारही तोच राहिला असता.

दुसरे दुखणे अर्थिंगचे होते. हॉर्न वाजवला की न्यूट्रलचा दिवा मंद व्हायचा, इंडिकेटर लावला की तोच दिवा इंडिकेटरच्या तालावर मिचकावायचा. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा लांबूनच म्हणाला, “भाऊ, पहिले अर्थिंग देख.” मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे चासीला लावून हॉर्न दाबला, तर जिथे ०.१-०.२ व्होल्टच्या आत आकडा हवा होता तिथे १.९ दिसला. जवळपास दोन व्होल्ट एका गंजलेल्या नटाखाली खर्च होत होते. नट काढला, चासीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासला, लग (वायरच्या टोकाची, नटाखाली बसणारी कडी) नवा बसवला, वरून थोडे ग्रीस लावले. इतक्यावर हॉर्नचा आवाज बदलला. हिशेब सोपा आहे : ३५ वॅटचा हेडलाइट सुमारे ३ अँपिअर घेतो, आणि वाटेत एका कपलरने १ ओहमचा अडथळा जरी केला तरी १२ पैकी सुमारे अडीच व्होल्ट तिथेच जिरतात. आपण मात्र दिवा पिवळा पडला म्हणून बल्ब बदलत बसतो.

जुनी वायरिंग ठेवण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा तिच्या मूळ दर्जाचा आहे. कारखान्यात बसवलेल्या वायरिंगमधल्या तांब्याची जाडी नेमकी असते, कपलर घट्ट बसतात, प्रत्येक फाटा बरोबर त्या त्या जागी निघतो आणि रंग नकाशाशी जुळतात. वरचे काळे आवरण फाटले म्हणून आतल्या वायरी वाया गेल्या असे नसते. पण आपल्याकडची उष्णता विसरून चालणार नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याखाली, टाकीखाली तापत राहिलेले पीव्हीसी आपला लवचिकपणा गमावते. म्हणून इंजिनाजवळची आणि हँडलच्या मानेजवळची एकेक वायर बोटाभोवती वळवून पाहावी. ती मऊ वळली तर ठेवावी. इन्सुलेशनला चिरा पडल्या किंवा ते पापुद्र्यासारखे सुटले, तर त्या भागापुरते तरी जुन्याचे आयुष्य संपले. उंदीर हा दुसरा शत्रू. त्याने कुरतडलेली एक जागा सापडली की दुसरी शोधावीच, कारण तो टाकीखालच्या उबेत महिनाभर राहिलेला असतो. माझ्या स्प्लेंडरच्या हेडलाइटच्या वाटीत तर कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि त्याच्याखाली चार कपलर गाडले गेले होते. ते ओले करून, ब्रशने सोडवून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवायला एक सकाळ गेली, पण पिना शाबूत निघाल्या.

दुसऱ्या गाडीचे प्रकरण वेगळे होते. तिच्यावर कधीतरी चोरी-अलार्म बसवून नंतर उपटून काढलेला होता, वेगळा हॉर्न रिलेशिवाय (जास्त प्रवाह स्वतःमधून नेणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेला होता आणि मोबाइल चार्जरची वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज न ठेवता आणलेली होती. काळी टेप सोलत गेलो तसे पिळून बांधलेले सांधे मोजले. चौदाव्यानंतर मोजणे सोडले. उन्हाने टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता आणि आत लाल वायरीला पिवळी, पिवळीला पुन्हा कुठल्या तरी घरगुती फिटिंगची जाड वायर जोडलेली होती. रंग खोटे बोलू लागले की मल्टिमीटर हातात असूनही माणूस आंधळा होतो. चावी बंद असताना निगेटिव्हमध्ये मीटर अँपिअरवर लावून पाहिले, तर जिथे काही मिलिअँपिअरच्या वर आकडा असायला नको तिथे पाव अँपिअर जात होता. म्हणजे उभी गाडी रोज सहा अँपिअर-तास गिळत होती. अशा ठिकाणी एकेक दोष शोधण्यात मी तीन रविवार घालवले, आणि ते घालवायला नको होते.

नवी वायरिंग घ्यायचीच ठरली तर कंपनीची आणि बाजारची यांतला फरक गंभीरपणे पाहावा. बाजारची बरीच स्वस्त पडते, पण तिच्यात वायर बारीक असणे, कपलरची प्लॅस्टिक कडी कच्ची असणे आणि तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असणे, या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक टोक सोलून तांबूस धागा ब्लेडने खरवडला आणि आत पांढरे निघाले तर ती वायरिंग दुकानातच परत करावी. गाडीचे मॉडेल आणि वर्षही नेमके सांगावे. किक आणि सेल्फची, ड्रम आणि डिस्कची वायरिंग वेगळी असते, आणि १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आल्यावर हँडलवरच्या स्विचची जोडणीही बदलली. आधीच्या गाडीवर नंतरची वायरिंग ‘बसते’ म्हणणारा दुकानदार फक्त लांबीबद्दल बोलत असतो. शिवाय नवी वायरिंग टाकली तरी स्टेटर (मॅग्नेटमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइली), रेग्युलेटर (बॅटरीचे व्होल्टेज आवरणारी डबी), लॉक आणि स्विच जुनेच राहतात. म्हणून बसवल्यानंतर पहिले काम चार्जिंग तपासण्याचे : रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेलेला आहे, आणि तो नवी बॅटरी काही आठवड्यांत उकळून टाकेल.

जुनीत सांधे घालताना सोल्डर (डाग देऊन जोडणे) की क्रिंप (पक्कडीने दाबून जोडणे), हा वाद मी येथे लांबवत नाही. सरळ भागात डाग देऊन वर आकसणारी स्लीव्ह चढवणे उत्तम. मात्र हँडलच्या मानेपाशी, जिथे वायर रोज शेकडो वेळा वळते, तिथे सोल्डर करू नये, कारण डागाने ताठर झालेली वायर नेमकी त्याच्या कडेला तुटते. तिथे वायरचा तो पूर्ण तुकडा एका कपलरपासून दुसऱ्यापर्यंत बदलावा.

हे सगळे स्वतः न करता वायरिंगच्या मिस्त्रीकडे द्यावे का? द्यावे, पण वेगळ्या वेळी. तालुक्याच्या गावी या मिस्त्रींचा हात ट्रॅक्टर आणि पिकअपवर बसलेला असतो. गाडी दारात आली की ती संध्याकाळपर्यंत चालू करून देणे हा त्यांचा धर्म, आणि त्यासाठी ते दोष न शोधता बाहेरून एक नवी वायर ओढतात. माझ्या दुसऱ्या गाडीतले चौदा सांधे अशाच चौदा संध्याकाळींचे असावेत. त्यांना ‘गाडी चालू करून द्या’ असे न सांगता ‘नवी वायरिंग आणली आहे, मूळ जागांवरून फिरवून बसवून द्या’ असे सांगितले, तर तेच काम ते आपल्यापेक्षा सफाईने आणि निम्म्या वेळात करतात.

ज्याने अजून गाडी घेतलेली नाही, त्याने सौद्याआधी सीट आणि साइड पॅनेल उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. आत धूळ, जाळी, गंज दिसला तर घाबरू नये; कपलर कारखान्याचे आणि टेप एकसारखी असेल तर ती गाडी दुरुस्तीत निघते. टेप तीन रंगांची आणि वायरी भलत्या दिसल्या, तर नव्या वायरिंगची किंमत आणि मजुरी तिथेच सौद्यातून वजा करावी. मालक ऐकत नसेल तर गाडी सोडावी. आणि नवी बसवली तरी काढलेली जुनी वायरिंग भंगारात टाकू नये. माझी खुंटीवर लटकलेली आहे. तिच्यातले दोन मूळ कपलर आणि हातभर हिरवी वायर स्प्लेंडरच्या मागच्या दिव्याला लागली.