ऑर्बिट रीडर २० वर दहावीचं बीजगणित

मी फोंड्यात गणिताच्या शिकवण्या घेतो. जन्मापासून अंध आहे. भाचीलाही दिसत नाही, ती यंदा दहावीला. तिच्यासाठी बहिणीने ऑर्बिट रीडर २० हे ब्रेल वाचायचं-लिहायचं यंत्र घेतलं. पणजीच्या पर्पल फेस्टमध्ये, म्हणजे अपंगांसाठीच्या महोत्सवात, हात लावून पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतंच.

समोर वीस ब्रेल खान्यांची एक ओळ, एकेका खान्यात ठिपके वर येऊन अक्षर किंवा चिन्ह उमटतं; मागे पर्किन्स या ब्रेल टंकयंत्रासारख्या कळा. यंत्र बोलत नाही. बीजगणिताला तेच बरं! कानाने ऐकलेला कंस कुठे उघडला नि कुठे मिटला हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. बोटाखाली तो जागच्या जागी असतो. ठिपकेही चांगले टणक. ओळ बदलताना मात्र टकटक होते, शांत वर्गात सगळे वळून बघतात.

आम्ही नेमेथ या गणिताच्या ब्रेल पद्धतीने लिहितो. तीत आकडे खान्यात एक पायरी खाली उतरतात, त्यामुळे ‘पुढे आकडा आहे’ सांगणारं अंकचिन्ह प्रत्येक आकड्याआधी घालत बसावं लागत नाही. एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य, हे पंधरा खान्यांत बसतं. पाच एक्सची फोड करून लिहिलं की अठरा, कंस काढले की एकोणीस, शेवटचे दोन अवयव सोळा. म्हणजे अख्खं उदाहरण, एकेक पायरी एकेका ओळीत. सूत्राने सोडवायला गेलात की ओळ फुटते आणि छेद पुढच्या ओळीत जाऊन बसतो.

चूक दुरुस्त करणं कटकटीचं. खान्यावर टिचकी मारून कर्सर तिथे नेण्याची सोय या यंत्रात नाही, बाणाच्या कळीने सरकत जायचं. भाची पुटपुटते, "मामा, ह्यापरीस नवी ओळ लिहिलेली बरी." ती तसंच करते, आणि जुनी ओळ राहिल्यामुळे चिन्ह कुठे बदललं ते मला सापडतं.

एकसामयिक समीकरणांना मात्र यंत्र बाजूला. तिथे एक्सखाली एक्स, वायखाली वाय मांडून वजाबाकी करायची. एका ओळीत ते कसं जमणार? त्यासाठी जुनी टेलर फ्रेमच, म्हणजे धातूचे छोटे टाइप खोचून गणित मांडायची भोकांची पाटी. अक्षरांचे अल्जेब्रा टाइप आमच्याकडे अपुरे आहेत, म्हणून पहिला रकाना एक्सचा, दुसरा वायचा असं ठरवून नुसते सहगुणक लावतो. भागतं.