सिव्ह ४ का सिव्ह ५: शहराले नेमकी कोणती जमीन भेटते?

राजेहो, सिव्ह म्हणजे सिव्हिलायझेशन, शहरं वसवून साम्राज्य वाढवाचा कॉम्प्युटर गेम. त्यात बॉर्डरच्या आत दिसली म्हणजे टाइल (नकाशातलं एक घर) शहराच्या कामाची झाली असं नाही नं. सिव्ह ४ (२००५) मध्ये टाइल चौकोनी, शहराचा हात दोन टाइलपर्यंत पोचते पण चार कोपरे सोडून, म्हणजे मधली धरून २१. सिव्ह ५ (२०१०) मध्ये षटकोन, तीन टाइलपर्यंत, मधली धरून ३७. बॉर्डर त्याच्याही पुढं जाते, तिथलं लोखंड, रेशीम टाइलवर सुधारणा (खाण, मळा) केली का साम्राज्याले भेटते, पण चौथ्या रिंगमधल्या गव्हाचं अन्न शहराले येतच नाही, मंग तिथं फार्म बांधत वर्कर कायले गुंतवता?

एक टाइल एका वेळी एकाच शहराची. शहरं चिकटून वसवली का धुऱ्यावरचं भांडण सुरू, पण सिटी स्क्रीनमधून टाइल इकडची तिकडं देता येते, दोन्हीमध्ये.

४ मध्ये गेमच्या नॉर्मल स्पीडवर शहराचं कल्चर (बॉर्डर वाढवणारे पॉइंट) १० झालं का अख्ख्या २१ एकदम उघडतात, मले हेच जास्त आवडते. ५ मध्ये एकेक येते, नाहीतर गोल्ड टाकून घ्या. अन् सुरुवातीले ३७ टाइलवर कामाले बसवाले शहरात माणसं असतात कुठं, पहिल्या दोन रिंगा पाहूनच शहर टाका. लॅपटॉप जुना असन तं ४ च घ्या भाऊ.