मिसफायर शोधताना: कॉइलची अदलाबदल की स्पार्क टेस्टर?

स्कॅनरवर पी०३०१ हा कोड दिसतोय, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) असेल तर आधी अदलाबदलच करावी. इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०३ आला की दोष कॉइलचा. पी०३०१ च राहिला तर प्लग बदलून बघा. तरीही तोच कोड आला तर वायरिंग, इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधला दाब) वळा. तापल्यावरच दगा देणारी कॉइल या पद्धतीत बरोबर सापडते. थंड इंजिनवर स्पार्क टेस्टरला (स्पार्क येतो का ते दाखवणारं साधन) ती बहुधा ठणठणीत वाटते. कॉइल काढलीच आहे तर तिचा प्लगवर बसणारा रबरी बूट आतून पाहा. काळी केसासारखी रेघ असेल तर स्पार्क तिथूनच पळतोय. मग बूट आणि प्लग दोन्ही बदला. चेक इंजिन दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जळू शकतो.

टेस्टर कामाचा तो इंजिन सुरूच होत नसताना, किंवा एकच कॉइल दोन सिलिंडरना स्पार्क देते तेव्हा. गॅप (ठिणगी उडते ती फट) बदलता येणारा घ्या. नुसता प्लग बॉडीला टेकवून दिसलेल्या ठिणगीवर विसंबू नका. सिलिंडरमधल्या दाबाखाली स्पार्कला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. क्रँक करण्याआधी (स्टार्टरने इंजिन फिरवण्याआधी) इंजेक्टरचे कनेक्टर काढायला विसरू नका.