कॉलम टेक्स्ट करणारा मॅक्रो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी पैशाचं बोलते. हा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये कळ दाबली की ठरलेलं काम करून देणारा छोटा प्रोग्राम, मला दीड हजाराला पडला. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने लिहून दिला. दोन हजार म्हणत होता, मी दीडवर आणला. मार्चमध्ये घेतला, आता नोव्हेंबर चालू आहे. या आठ महिन्यांत माझं मत तीनदा फिरलंय, त्यामुळे अर्धवट वाचून कोणी निष्कर्ष काढू नका.

मी सहकारनगरला घरी बसून तीन छोट्या कारखान्यांचे पगार करते. दोन नऱ्ह्याचे, एक भोसरीचा. पगारपत्रक, पीएफ, ईएसआय आणि शेवटी बँकेच्या पोर्टलवर चढवायची फाइल. या कामातले निम्मे आकडे मुळात आकडे नसतातच. खाते क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, यूएएनची (कामगाराच्या पीएफ क्रमांकाची) सरासरी कोणी काढत नाही. एक्सेलला मात्र अंक दिसला की हिशेबाची हाव सुटते. ०२० ने सुरू होणारा पुण्याचा फोन नंबर दिला की पुढचं शून्य गिळून टाकतं. यूएएन बारा अंकी, म्हणून तो १.०१ई+११ असा काहीतरी दिसतो. सोळा अंकी खातं असेल तर शेवटचा अंक सरळ शून्य होतो, कारण पंधरा अंकांच्या पुढे त्याला धरताच येत नाही. नऱ्ह्याच्या एका कारखान्यात टोकन नंबरच्या मधोमध विभागाचं इंग्रजी अक्षर असतं, इलेक्ट्रिकलचं ई. १२ई३ टोकनचा वायरमन हजेरीची फाइल उघडल्याबरोबर १२००० होतो, कारण ई३ म्हणजे पुढे तीन शून्यं असं एक्सेल वाचतं. बाकी सगळे विभाग सुखात आहेत, फक्त इलेक्ट्रिकलवाल्यांच्याच नशिबी हे.

तर मॅक्रो. कॉलम निवडायचे, कंट्रोल-शिफ्ट-टी दाबायचं, कॉलम टेक्स्ट, म्हणजे त्यातले अंक हिशेबाचे आकडे नाहीत, नुसती अक्षरं. काम क्षणात होतं. मग चौकट येते: ‘काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे. धन्यवाद!’ खाली ओके. ओके दाबलं की पुन्हा तीच चौकट, कारण ती दर कॉलमला एकदा येते. माझ्या शीटमध्ये असे नऊ कॉलम आहेत. तीन कारखाने, म्हणजे महिन्याला किमान सत्तावीस धन्यवाद. हे मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘काकू, यूजरला कळायला हवं ना झालं ते.’ यूजर समोरच बसलीय, तिला दिसतंय.

मग एका दुपारी ऑल्ट-एफ११ दाबून मी आत काय आहे ते बघितलं. बावीस ओळी. त्यात याचं नाव, तारीख, मोबाइल नंबर, ताऱ्यांच्या दोन रांगा, चौकटीचा मजकूर, आणि खरं काम करणारी ओळ एक. कॉलमच्या नंबरफॉर्मॅटला "@" द्यायचं, बस. एका @ चे दीड हजार! जिन्यात गाठून विचारलं, तर शांतपणे म्हणतो, ‘हो काकू, ती ओळ तुम्हाला मॅक्रो रेकॉर्डरनेसुद्धा मिळाली असती.’ त्याच्या प्रामाणिकपणाचा मला जास्त राग आला.

बरं, ती एक ओळ तरी पुरी पडावी? एप्रिलच्या पगाराला कळलं की नाही. भरलेल्या कॉलमवर मॅक्रो चालवला, सगळे आकडे शिस्तीत डावीकडे सरकले, नऊ धन्यवाद आले, आणि तरीही व्हीलुकअप (नंबरावरून यादीत माणूस शोधणारं फंक्शन) निम्म्या लोकांना ओळखेना. शेजारच्या कॉलमात इझनंबर, म्हणजे नंबर आहे का ते सांगणारं फंक्शन, लावून बघितलं, उत्तर ट्रू. म्हणजे वरून टेक्स्ट, आतून नंबरच. @ हे फक्त यापुढे त्या घरात, म्हणजे सेलमध्ये, जे येईल त्यासाठी असतं. आधीपासून बसलेल्याला ते हात लावत नाही. डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी लावली म्हणून आतल्या मिठाची साखर होत नाही. एकेका घरात एफ२ दाबून एंटर मारलं की तो आकडा टेक्स्ट होतो खरा, पण अडतीस माणसं गुणिले नऊ कॉलम एवढं एफ२ दाबायचं असेल तर मॅक्रो कशाला घेतला?

हे त्याने फुकट दुरुस्त करून दिलं, हे मान्य करायला हवं. आता मॅक्रो आधी @ लावतो, मग दर घरातला आकडा फॉरमॅट फंक्शनमधून "0" हा साचा लावून काढतो आणि अक्षरी करून परत ठेवतो. यूएएन पूर्ण बारा अंकी दिसायला लागले. पीएफच्या ईसीआरमध्ये, म्हणजे दरमहाच्या विवरणात, दोन रकान्यांच्या मध्ये #~# असं चिन्ह घालून मजकुराची फाइल करावी लागते, तीही सुरळीत जायला लागली. मी खूश. मे ते सप्टेंबर मी हा मॅक्रो दोन ओळखीच्या बायकांना सुचवलासुद्धा.

खुशीतही दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. पहिली, मॅक्रो चालला की अनडू संपतं. जूनमध्ये घाईत चुकून रकमेच्या कॉलमवर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं. अडतीस जणांच्या निव्वळ पगाराची बेरीज शून्य. सम फंक्शन टेक्स्टला जमेस धरत नाही. कंट्रोल-झेड दाबत बसले, काही परत आलं नाही. सेव्ह न करता फाइल बंद केली आणि तासाभराचं काम पुन्हा केलं. तेव्हापासून मॅक्रोच्या आधी कंट्रोल-एस, हे हाताला लावून घेतलंय.

दुसरी, हिरवे त्रिकोण. टेक्स्ट म्हणून ठेवलेल्या प्रत्येक आकड्याच्या कोपऱ्यात एक्सेल हिरवा त्रिकोण काढतं आणि विचारतं, नंबर करून देऊ का? मी दुर्लक्ष करायचे. ऑगस्टमध्ये नऱ्ह्याच्या क्लार्कला शीट तपासायला पाठवली. त्याचा फोन आला, ‘मॅडम, तुमच्या शीटमध्ये दोनशेच्या वर एरर होत्या, मी सगळ्या काढून टाकल्या.’ आवाजात केवढा आनंद! सगळे कॉलम निवडून त्याने कन्व्हर्ट टू नंबर केलं होतं. शून्यं पुन्हा गेली. मूळ प्रत माझ्याकडे होती म्हणून निभावलं. ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाजखाली एरर चेकिंगचे नियम असतात, तिथली टेक्स्ट म्हणून ठेवलेल्या नंबरांची खूण काढली की त्रिकोण जातात. पण ती तुमच्या संगणकावरची सोय. क्लार्कच्या संगणकावर त्रिकोण आहेतच.

आता दिवाळी. हे लिहायला मी बसले ते त्यामुळेच.

बोनसची फाइल रात्री चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी नऱ्ह्याहून एक कामगार थेट घरी आला, बहुधा क्लार्कनेच पत्ता दिला असावा. चप्पल बाहेर काढून दारातच उभा. ‘ताई, सगळ्यांचा आला, माझा नाही आला. पोरांचे कपडे घ्यायचे राहिलेत.’ पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. खातं दोन शून्यांनी सुरू होत होतं. मी पाठवलेल्या फाइलमध्ये ती शून्यं नव्हती. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. तसं खातंच नसल्यामुळे रक्कम परत आली होती, म्हणजे कुणा दुसऱ्याच्या खात्यात गेली नाही एवढंच सुदैव. पासबुकावरून नंबर टाकून त्याचे पैसे त्याच्यासमोर पुन्हा पाठवले, चहा दिला, आणि तो गेल्यावर सरळ वरचा मजला गाठला.

बोलू नये ते बोलले. दीड हजारांचाही उल्लेख झाला. मुलगा म्हणाला, ‘काकू, मॅक्रो चालवल्यानंतर तुम्ही काय काय केलंत ते मला करून दाखवा.’ मी दाखवलं. कॉलम टेक्स्ट केले. शून्यं जागेवर. सीएसव्ही म्हणून सेव्ह केली. बंद केली. मग पाठवण्यापूर्वी एकदा नीट बघावं म्हणून फाइलवर डबल-क्लिक केलं.

‘इथेच,’ तो म्हणाला.

सीएसव्ही म्हणजे नुसती अक्षरं आणि स्वल्पविराम. कुठला कॉलम टेक्स्ट आहे हे त्यात लिहिलेलंच नसतं. मी मारे @ लावून सेव्ह केलं, पण @ फाइलबरोबर गेलंच नाही. डबल-क्लिक केलं की एक्सेल ती फाइल नव्याने वाचतं आणि पहिल्यासारखी शून्यं खातं. त्यातून बाकीच्यांची खाती १.२३ई+१४ अशी दिसली म्हणून मी कॉलमला नंबर फॉरमॅट दिला, दशांश काढून टाकले, आकडे नीट दिसले, बरं वाटलं. बंद करताना एक्सेलने विचारलं, बदल सेव्ह करू? मी हो म्हटलं. मी तपासलं नसतं तर सगळ्यांचे पैसे पोचले असते.

एवढे महिने कसं निभावलं, याचंही उत्तर मिळालं. एरवी मला तपासायला वेळ नसायचा. दिवाळीचे पैसे म्हणून मी जास्त काळजी घेतली.

तेव्हापासून तयार सीएसव्ही फक्त नोटपॅडमध्ये बघते. तिथे काही रंगीत नाही, सगळं एकमेकांना चिकटलेलं, डोळे दुखतात, पण जे फाइलमध्ये आहे तेच दिसतं. गेलेली शून्यं परत आणायचा मॅक्रो होईल का, असंही मी त्याला विचारलं होतं. सगळी खाती एकाच लांबीची असती तर झाला असता, तेवढ्या शून्यांचा साचा लावला की पुढे भरली जातात. माझ्याकडे सहा बँकांची खाती आहेत आणि प्रत्येकीची लांबी वेगळी. किती शून्यं होती ते एक्सेलला ठाऊक नाही, ते पासबुकालाच ठाऊक.

कारखान्यातून येणारी हजेरीची सीएसव्ही उघडतानाही हाच घोळ, तिथे मात्र मॅक्रोने खरी कमाई केली. मुलाने ओपनटेक्स्ट ही फाइल उघडायची आज्ञा वापरून फाइल वाचतानाच दर कॉलमला टेक्स्ट सांगायची सोय केली. दोन संध्याकाळी ती चालेचना. सगळं बरोबर लिहिलेलं, तरी १२ई३ चे १२००० च. शेवटी कळलं की फाइलच्या नावाला सीएसव्ही हे शेपूट असेल तर एक्सेल कॉलमबद्दलच्या सूचना वाचतच नाही. शेपूट बदलून टीएक्सटी केलं, आतलं एक अक्षर न बदलता, आणि वायरमन जागेवर आला. हे कुठल्या शहाण्याने ठरवलं असेल? आता मॅक्रो आधी फाइलची प्रत टीएक्सटी नावाने करतो, मग उघडतो. दीड हजार मला इथे वसूल झाल्यासारखे वाटले.

वरचा मुलगा म्हणतो नवीन एक्सेल घ्या. वर्गणीवाल्या आवृत्तीत २०२३ पासून ऑप्शन्समध्ये डेटाखाली बटणं आहेत: पुढची शून्यं काढू नकोस, लांब आकडे ई करू नकोस, ई अक्षराला घात समजू नकोस, अक्षर-आकड्यांची तारीख करू नकोस. चांगलं आहे. माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर बघितलं, डबल-क्लिक करूनही शून्यं राहतात. गंमत म्हणजे मॅक्रो चालू असताना ही बटणं लागू पडत नाहीत. आणि दरवर्षी पैसे भरायचे. एकदाच पैसे देऊन घेतलेलं माझं एक्सेल उघडतंय तोवर मी वर्गणी भरणार नाही. मार्च१ नावाच्या जनुकाची एक्सेल १ मार्च करतं म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्या जनुकाचंच नाव बदलून टाकलं. तेव्हा ही बटणं नव्हतीच, त्यांना नाव बदलणं सोपं पडलं. मी इलेक्ट्रिकलचं अक्षर बदला म्हणून कारखान्यात सुचवलंय. टोकन पितळी आहेत, कोरलेली, त्यामुळे साहेब ऐकत नाहीत.

फुकटात हवं असेल तर लिब्रेऑफिसचं कॅल्क. सीएसव्ही उघडताना ते आधी खिडकी दाखवतं, कॉलमवर क्लिक करून टेक्स्ट निवडा, शून्यं सुरक्षित. मॅक्रोची गरजच नाही. मी पूर्णपणे तिकडे गेले असते, पण एका बँकेची पगाराची शीट तिच्या स्वतःच्या मॅक्रोंसकट येते आणि ती कॅल्कमध्ये धड चालत नाही.

राहिली ती चौकट. गेल्या आठवड्यात मी स्वतः ऑल्ट-एफ११ मध्ये जाऊन ती ओळ खोडली. मोठा विजय वाटला. दुसऱ्या दिवशी कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं, काहीच हललं नाही, झालं का नाही कळेना, पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी इझनंबर लावून खात्री केली. सव्वा मिनिट गेलं, सत्तावीस धन्यवादांनाही एवढा वेळ लागत नव्हता.

ओळ परत टाकली आहे. दर कॉलमला नाही, शेवटी एकदाच यावी अशी खाली हलवली, ते मला जमलं. मजकूरही बदललाय. आता चौकटीत येतं: ‘झालं. डबल-क्लिक करू नकोस.’