४५ वॅटचा म्हणून विकलेला १२४ वॅटचा पंप

फिश टँक हॉलमध्ये आणि त्याचा संप (पाणी गाळायची खालची टाकी) तळघरात अशी रचना करायचा विचार असेल, आणि एखादा दुकानदार संपातलं पाणी परत वर चढवणारा ४५ वॅटचा रिटर्न पंप पुढे करून "साडेअकरा फुटांवरही ताशी पाच हजार लिटर देतो" असं सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय. हे ओळखायला पंप विकत घ्यावा लागत नाही, एक गुणाकार पुरतो. तो पुढे देते. मला हे कळेपर्यंत साडेआठ हजार रुपये गेले होते आणि दोन मासे मेले होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर नाशिकला, जुना बंगला. टाकी पाच बाय दोन बाय दोन फुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५६५ लिटर. आत मलावी सरोवरातले सिक्लिड. हे मासे घाण खूप करतात आणि त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, त्यामुळे संप हवाच होता. हॉलमध्ये आवाज नको आणि दमटपणा नको म्हणून तो तळघरात ठेवला. संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या काठापर्यंतची उभी उंची ३.२ मीटर भरली. बेंड आणि पाइपमधलं घर्षण धरून मी ३.५ मीटर हिशेबात घेतले. पंप चोवीस तास, बाराही महिने चालणार. एक वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिटं होतात, त्यामुळे मला वॅटची काळजी किमतीपेक्षा जास्त होती. आमचा वापर कसाबसा ३०० युनिटांच्या आत बसतो. त्यापुढे महावितरणचा स्लॅब बदलतो आणि दर एकदम चढतो.

हे सगळं मी दुकानदाराला सांगितलं. उंची, पाइप आणि बेंड लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि विचारलं, "एवढ्या उंचीवर पाणी किती मिळेल आणि वीज किती लागेल?" उत्तर आलं, "मॅडम, बिनधास्त न्या. ४५ वॅट, पाच हजार लिटर. शिवाय वरून पाणी खाली येतं ना, त्या सायफनने पंपावरचा लोड अर्धा होतो." खोक्यावर छापलं होतं: ४५ वॅट, ८००० लिटर प्रतितास, उंची ५ मीटर.

दुकानात त्याने चालवूनही दाखवला. टबमध्ये पंप, त्याला हातभर पाइप, प्लगला वॅटमीटर. मीटरवर ४३ आकडा आणि पाइपातून पाण्याचा असा लोट, की टबाबाहेर पाणी उडालं. पंपाचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर त्याच्या हातात होता, वेग दाखवणाऱ्या दिव्यांची बाजू त्याच्याकडे. खरी मेख तिथेच होती. दुकानाचा माणूस घरी येऊन पंप बसवून गेला, पाणी छान वर यायला लागलं.

मग एका रात्री वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. सकाळी हॉलमध्ये आले तर मासे पृष्ठभागावर तोंडं काढून धापा टाकत होते आणि दोन मोठे नर तळाशी पडलेले. रिटर्नच्या पाइपातून एक थेंब येत नव्हता. तळघरात धावले, तर पंप चालू! हात लावला तर थरथर जाणवत होती. कंट्रोलरवर दहांपैकी सात निळे दिवे. बटण दाबत आठ, नऊ, दहा केले, तेव्हा कुठे हवेचे बुडबुडे फुर्रकन सुटले आणि पाणी वर आलं. वीज गेल्यावर हा कंट्रोलर जुनी सेटिंग विसरतो आणि आपल्या मनाने सातवर येतो. सातवर पाणी हॉलपर्यंत चढतच नाही.

त्याच दिवशी वॅटमीटर लावून पाहिला. सात दिव्यांवर ४३ वॅट, दहा दिव्यांवर १२४.

म्हणजे दुकानातला ४३ खोटा नव्हता आणि तो लोटही खोटा नव्हता. फक्त टबात पाणी कुठे चढवायचं नव्हतं. पंपाचा वेग ७० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ एकतृतीयांशावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. उंची मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे निम्म्यावर येते. पाच मीटरवाला पंप अडीच मीटरचा झाला, आणि आमचा हॉल त्याच्यापेक्षा वर आहे. खोक्यावरचे तिन्ही आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. आठ हजार लिटर म्हणजे उंची शून्य असताना. पाच मीटर म्हणजे पाणी तिथपर्यंत पोहोचून थांबतं, बाहेर पडत नाही. आणि ४५ वॅट म्हणजे यांनी आपल्या सोयीने निवडलेला वेग.

वॅटमीटरवर विश्वास ठेवायचा नाही असं दुकानदार म्हणू शकला असता, म्हणून घराच्या मीटरवर ताळा घेतला. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे. तळघर सोडून बाकीचे सगळे एमसीबी पाडले, तळघरातही पंपाशिवाय काही चालू ठेवलं नाही, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मोजलं. ४५ वॅट असते तर दिवा २४ वेळा लुकलुकला असता. तो ६६ वेळा लुकलुकला. हिशेब १२४ वॅटलाच येतो. पाणीही मोजलं: टाकीवर रिटर्नच्या तोंडाशी वीस लिटरची बादली धरली, ती भरायला ३३ सेकंद लागले. म्हणजे ताशी साधारण २२०० लिटर. पाच हजारांच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

आता तो गुणाकार. पाणी ताशी किती लिटर, गुणिले उंची मीटरमध्ये, भागिले ३६७. उत्तर येतं ते वॅट निव्वळ पाणी उचलायला लागतात, पंपात काहीही वाया न जाता. ५००० गुणिले ३.५ भागिले ३६७ म्हणजे जवळजवळ ४८ वॅट. जगातला निर्दोष पंप आणला तरी ४८ हवेतच, आणि हा ४५ मध्ये करून देणार होता! प्रत्यक्षात फिश टँकचे छोटे पंप ओढलेल्या विजेतला तिसरा हिस्सा जरी पाण्याला देत असतील तरी ते चांगले म्हणायचे. म्हणून या उत्तराची किमान तिप्पट धरा. दुकानदाराचा आकडा त्याच्या खूप खाली असेल तर तिथून उठा.

सायफनची ती थापही अनेक ठिकाणी ऐकू येते, म्हणून सांगते. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असतात, उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलून धरतं आणि पंपाला फक्त घर्षणाशी झुंजावं लागतं. संप उघडा असतो. टाकीतून ओसंडून खाली येणारं ओव्हरफ्लोचं पाणी त्यात धबाधबा पडतं आणि त्याची सगळी ताकद तिथेच संपते. पंपाला प्रत्येक लिटर पूर्ण उंचीवर नव्याने उचलावा लागतो. तळघरातला संप म्हणूनच महाग पडतो, आणि हे गिऱ्हाइकाला आधी सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे.

तरीही मी समजून घेतलं असतं, म्हटलं असतं की त्यालाही पुरवठादाराने फसवलं असेल. पण अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहिला. त्यावर पांढरं लेबल, ठळक अक्षरात ४५ वॅट. तळघरातल्या ओलीने त्याचा एक कोपरा सुटला होता. नखाने ओढला तर खाली मूळ छपाई: २४ व्होल्ट, ५.५ अँपिअर. गुणाकार करा, १३२ वॅट. लेबलाचा कागद, शाई आणि अक्षराचं वळण दुकानाच्या किमतीच्या चिकट्यांसारखंच. हे चीनमध्ये झालेलं नाही, हे आपल्या गावात काउंटरमागे बसून केलेलं आहे. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क यातलं काही नव्हतं. पाकीटबंद परदेशी मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

दुकानात गेले तर आधी "तुमच्या वायरिंगमध्ये दोष असेल", मग "इको मोडला लावा, ४५च घेतो". इको मोडला, म्हणजे कमी वेगावर, पाणी वर येत नाही असं मी म्हणाले, तर "एवढ्या उंचीसाठी हा पंप नाहीच". उंची लिहून पाठवलेला मेसेज त्याच्यासमोर धरला. त्यावर बिलाच्या तळाशी बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि पाणी लागलं की वॉरंटी संपते म्हणे. पाण्यात बुडवायच्या पंपाबद्दल तो हे माझ्या तोंडावर बोलला. मासे मेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने मान वर करून पाहिलंही नाही. त्याचा मला आजही संताप येतो.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत पक्कं बिल, व्हॉट्सॲपचा संवाद, वॅटमीटरचे दोन फोटो आणि त्या सुटलेल्या लेबलाचा फोटो दिला. बिलावर त्याने नुसतं "सबमर्सिबल पंप, १ नग" लिहिलं होतं, त्यामुळे सगळी मदार मेसेजवर राहिली. तुम्ही मॉडेल, वॅट आणि कबूल केलेलं पाणी बिलावरच लिहून घ्या. तो लिहायला नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर. हेल्पलाइनने भागलं नाही तर जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मला तिथवर जावं लागलं नाही. हेल्पलाइनवरून विचारणा झाल्यावर दुकानदाराने पैसे परत केले. पण तेच पांढरं खोकं त्याच्या काउंटरवर अजून दिसतं, आणि दुसऱ्या नावांनी तोच पंप इतरत्रही विकला जातोय.

सध्या आमच्याकडे ज्याचा उंची आणि प्रवाहाचा आलेख उत्पादकाने छापलेला आहे असा पंप आहे. तो दुप्पट महाग पडला, पण ६८ वॅटमध्ये ताशी २४०० लिटर देतो, आणि हे आकडे मी बादलीने आणि मीटरने पडताळले आहेत. संपमधून एवढंच पाणी फिरवलं तरी टाकी तासाला चारदा फिरते. टाकीतल्या पाण्याच्या हालचालीसाठी काठाला आठ-आठ वॅटचे दोन वेव्हमेकर लावले. तिथे उंची चढायची नसल्याने तेवढ्या विजेत भरपूर पाणी ढवळतं. पाइप २५ वरून ३२ मिलिमीटरचा केला, कोपऱ्यावरचे काटकोनी बेंड काढून पसरट घेतले. वेगळा एअरपंप बॅटरीवर ठेवलाय.

तुमच्या तळघरात असा कंट्रोलरवाला पंप आधीच चालू असेल तर आज जागे असताना त्याचा प्लग काढा, मिनिटभर थांबा, परत लावा आणि वर जाऊन रिटर्नच्या तोंडाशी पाणी येतंय का ते बघा.