पिकअपच्या मागचे जादा दिवे आणि टोचनचा बोर्ड : आठ महिन्यांचा अनुभव

रबाळ्याला माझं छोटं गॅरेज आहे. गिऱ्हाइकाची बंद पडलेली गाडी आणायला बोलेरो पिकअप आणि टोचनचा, म्हणजे गाडी मागे अडकवून ओढायचा, लोखंडी रॉड वापरतो. ठाणे-बेलापूर रोड, महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास, कधी कळंबोलीपर्यंत, एवढा माझा टापू. महिन्याला दहा-बारा टोचन तरी रात्रीची असतात. गेल्या मे महिन्यात पिकअपच्या मागे जादा दिवे बसवले. मधे अख्खा पावसाळा गेला, आता आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं ठरलं असतं.

हे करावंसं का वाटलं ते आधी सांगतो. त्याच्या आदल्या मार्चमध्ये मुंब्रा बायपासवरून एक छोटी कार ओढून आणत होतो. तिची बॅटरी पूर्ण बसलेली, एकही दिवा लागत नव्हता. स्टेअरिंगवर आमच्या गॅरेजमधला मुलगा. उतारावर मी वेग कमी केला आणि मागून टायर घासल्याचा आवाज आला. ट्रेलर होता, कारपासून चार-पाच हातांवर येऊन थांबला. खाली उतरून पाहिलं तर माझे टेललाइट व्यवस्थित लागलेले. पण माझ्या आणि ट्रेलरच्या मधे अंधारातली कार उभी होती, आणि तिच्यात तो मुलगा बसलेला. घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

एवढं होऊनही पहिल्यांदा मी विकत घेतले ते कामाचे दिवे, म्हणजे २७ वॅटचे दोन चौकोनी एलईडी. हौद्याच्या मागच्या फ्रेमला, फाळक्याच्या वर दोन कोपऱ्यांत लावले. रॉडची पिन बसवताना मोबाइलचा टॉर्च दातात धरावा लागायचा, ते बंद झालं. उजेड भरपूर आहे, शॅकल (रॉड अडकवायची कडी) नीट दिसतो, रस्त्यावर सांडलेलं ऑइल दिसतं. डब्यावर आयपी ६७ लिहिलं होतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी शिरायला नको. दिव्यांच्या काचेआड खरंच पाणी गेलं नाही. पण तो आकडा दिव्याच्या पेटीपुरता असतो. पेटीतून बाहेर आलेली वायर जिथे आपण जोडतो, त्या जोडाची हमी कुठल्याच डब्यावर नसते. मला सगळा त्रास तिथेच झाला.

पहिली वायरिंग मी स्वतः घाईत केली. एक चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूज कॅबिनमध्ये स्विचच्या शेजारी, आणि अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, म्हणून हौद्याचाच एक बोल्ट. दिवे झकास लागले. महिन्याभराने कळंबोलीच्या एका जुन्या वायरमन काकांकडे दुसऱ्या कामासाठी गाडी लावली होती. ते सहज मागे गेले, बोल्ट पाहिला आणि म्हणाले, "पोरा, अर्थ इथं दिलास? ह्या बोल्टाला रंगाचे दोन हात आहेत." मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि दिव्यापाशी, दिवे चालू असताना, ११.३. दिवे मात्र तितकेच लख्ख. मला कळेना. काकांनी समजावलं की अशा एलईडीच्या आत ड्रायव्हर नावाचा छोटा सर्किट-बोर्ड असतो, १० ते ३० व्होल्टमध्ये कितीही मिळालं तरी तो उजेड सारखा ठेवतो. व्होल्ट कमी पडले की तो करंट जास्त ओढतो. म्हणजे साध्या बल्बला वायरिंगचा दोष मंद उजेडातून कळतो, तो एलईडीत लपून राहतो, आणि तिकडे जोड तापत असतो.

मग सगळं उपसून पुन्हा केलं. २.५ चौरस मिलिमीटरची वायर, लवचिक पन्हाळी नळीतून, चेसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरपासून लांब. फ्यूज १० अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो, हे मला तोवर नीट उमगलं नव्हतं. कॅबिनमध्ये फ्यूज ठेवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर फ्यूजच्या राखणीबाहेरच राहते, आणि तीच नेमकी इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) नसेल तर पत्र्याची धार वायर कापते. दोन दिव्यांचे ५४ वॅट म्हणजे जेमतेम साडेचार अँपिअर, पण शॉर्ट झाल्यावर बॅटरी कसलाच हिशोब ठेवत नाही. रिले, म्हणजे लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चार पिनांचा: ३० ला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिवे, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ. रिलेच्या कॉइलला जेमतेम १५० मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या लहान स्विचवर भार येत नाही. अर्थसाठी वेगळी काळी वायर थेट चेसिसपर्यंत नेली, तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बोल्ट कसला आणि वरून ग्रीस लावलं. त्यानंतर दिव्यापाशी १२.२ व्होल्ट आले. अजूनही दर महिन्याला मोजतो, तेवढेच आहेत.

कामाच्या दिव्यांचा एक धोका मला जूनमध्ये कळला. शिळफाट्याहून महाप्याला येताना मागचे ट्रकवाले एकसारखे डिपर देत होते. काहीतरी सुटलं असेल म्हणून थांबलो, तर पांढरे दिवे चालूच राहिलेले. त्या सगळ्या रस्त्यावर मी मागच्यांचे डोळे दिपवत आलो होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ हेच सांगतो की गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवायचा नाही. इंडिकेटरचा पिवळा, नंबर प्लेटचा आणि रिव्हर्सचा पांढरा असे काही अपवाद आहेत. आठवणीने स्विच बंद करीन यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. गाडीचं दार उघडल्यावर आतला दिवा लावणारा दांडीचा स्विच असतो ना, तसा एक हँडब्रेकच्या लिव्हरखाली बसवला. लिव्हर खाली असली की दांडी दबलेली, सर्किट तुटलेलं. लिव्हर ओढली की दांडी सुटते आणि अर्थ मिळतो. रिलेची ८५ ची वायर त्यातून नेली. आता हँडब्रेक ओढल्याशिवाय कामाचे दिवे लागतच नाहीत. कंपनीच्या हँडब्रेक स्विचला हात लावला नाही, कारण ब्रेक ऑइलची सूचनाही बऱ्याच गाड्यांत त्याच वायरवर असते. मागे घेताना उजेड हवा म्हणून रिव्हर्स लाइटवरून चालणारा दुसरा रिले दिला आणि दोन्हींची ८७ एकत्र केली. एकाच रिलेवर स्विच आणि रिव्हर्स दोन्ही जोडले असते, तर स्विच दाबताच करंट उलटा जाऊन रिव्हर्सचे बल्बही पेटले असते आणि मधे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) घालावे लागले असते. शंभर-सव्वाशेचा रिले त्यापेक्षा सोपा पडला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे लावायचा बोर्ड. चार फुटी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ट्रॉलीचे दोन टेललॅम्प बसवले, मधे पांढऱ्या पाटीवर काळ्या मोठ्या अक्षरांत 'ऑन टो', दोन टोकांना लाल रिफ्लेक्टिव्ह टेप. नऊ मीटर सात कोअरची केबल आणि सात पिनांचा प्लग. सॉकेट पिकअपच्या मागच्या बंपरखाली. रंग ठरलेलेच ठेवले: पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेल, काळी डावा टेल, पांढरी अर्थ. निळी मागच्या फॉग लॅम्पची, ती मोकळी आहे. सॉकेट पुढेमागे दुसऱ्या कोणी उघडलं तरी त्याला विचारत बसावं लागणार नाही. ब्रेक आणि टेल रिलेवरून घेतले, कारण बोर्डावरचे बल्ब कंपनीच्या बारीक वायरवर टाकणं मला पटेना. इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशरही जास्त बल्बचा भार पेलणारा घातला.

जुलैत बोर्डाने दगा दिला. मुसळधार पाऊस, ऐरोलीहून गाडी आणतोय, आणि मागच्या कारमधून मुलाचा फोन, "दादा, तुम्ही ब्रेक मारला की बोर्डावरचा इंडिकेटरपण मिणमिणतो, आणि लाल तर दिसतच नाही." ही खूण ओळखायला शिकावी. सगळ्या बल्बचा परतीचा करंट एकाच पांढऱ्या वायरने जातो. दोन ब्रेकचे ४२ वॅट, टेलचे १०, एका इंडिकेटरचे २१, मिळून ७३ वॅट, म्हणजे सहा अँपिअर. ती वाट अडली की करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून वळसा घेऊन अर्थ शोधतो. मग जो बल्ब लागायला नको तो मंद लागतो आणि जो हवा तो पेटत नाही. सॉकेट उघडलं तर तीन नंबरची, म्हणजे पांढऱ्या अर्थ वायरची पिन पूर्ण कळकलेली, हिरवी. खाडीलगतची खारी हवा आणि रस्त्यावरचं पाणी, महिन्याभरात एवढं पुरलं. त्यानंतर सॉकेट बंपरखालून काढून फाळक्याजवळ उंचावर, तोंड खाली करून बसवलं. पांढरी वायर बाकीच्यांपेक्षा जाड केली. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे पाणी आत शिरू न देणारं. बोर्डात एलईडी बल्ब घातले, त्यामुळे सहा अँपिअरचा भार एकदम उतरला. पिकअपचे स्वतःचे बल्ब मात्र साधेच ठेवले. तिथेही एलईडी घातले होते, तर फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखं वाटून इंडिकेटर दुप्पट वेगाने मारायला लागले.

चुंबक घेताना मी फसलो. बोर्डामागे चार चुंबक लावले होते, जुन्या गाड्यांच्या डिकीला घट्ट बसतात. पण बऱ्याच नव्या गाड्यांत मागचं दार प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक काहीच करत नाही. आता दोन रबरी हुकाचे पट्टे कायम बोर्डाला बांधलेले आहेत. चुंबकाखाली नमद्याचा तुकडा चिकटवलाय, गिऱ्हाइकाच्या रंगावर ओरखडा नको. केबल गाडीच्या खालून न नेता टपावरून नेतो आणि खिडकीच्या काचेत दाबतो. खालून नेलेली एकदा वळणावर चाकाखाली आली होती.

खर्च सगळा मिळून साडेचार हजारांच्या आसपास झाला. त्यात वाया गेलेली पहिली वायर आणि सॉकेटही आले. कामाचे दिवे त्यातले चौदाशे. पैसे कमी असतील तर कामाचे दिवे नंतर घ्या, हेडटॉर्चवर काम भागतं. बोर्ड आधी करा. मी उलटं केलं. मे महिन्यात कामाचे दिवे लागले तेव्हाही ती मागची गाडी अंधारातच होती, बोर्ड जूनच्या अखेरीस तयार झाला. मधल्या महिन्याभरात जी टोचन केली, ती आठवली की अजून धस्स होतं.

गेल्या आठवड्यात घणसोलीहून एक सेडान आणताना मुलगा म्हणाला, "दादा, आता मागचे लांबूनच लेन बदलतात." मी आरशात पाहिलं तर ते खरंच होतं. पुढच्या पावसाआधी केबल बदलायची आहे, प्लगपाशी वाकून वाकून तिचं वरचं आवरण फुटायला लागलंय. नवी घेताना रबरी आवरणाची घेणार, सध्याची पीव्हीसीची आहे.