व्हिएतनाम भिंतीपाशी दोन दिवस: पिवळ्या टोपीवाले आणि अण्णांचा प्रश्न

ऑक्टोबरात अण्णा आमच्याकडे व्हर्जिनियाला आले. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे वॉशिंग्टनची युद्धस्मारकं दाखवायचीच होती. त्यांना चालायला त्रास नको म्हणून पहिल्या दिवशी एका टूर कंपनीची बस घेतली, आणि तिथेच चुकलं. नाव लिहीत नाही. माणशी पंचावन्न डॉलर मोजून व्हिएतनाम स्मारकापाशी, म्हणजे व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची नावं कोरलेल्या काळ्या भिंतीपाशी, वीस मिनिटं मिळाली. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या भावाच्या नावाचा, कागदावर पेन्सिलने काढतात तो ठसा आणायला सांगितलं होतं. नाव सापडायच्या आत गाइडने हाका मारायला सुरुवात केली. अण्णा बसमध्ये काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "उद्या आपले आपण जाऊ. माणसानं विश्वासानं काम सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी मेट्रोने फॉगी बॉटमला उतरलो आणि थांबत थांबत चालत गेलो. स्मारकाला तिकीट नाही, दिवसरात्र उघडं असतं. भिंतीपाशी पिवळ्या टोप्या घातलेले स्वयंसेवक असतात. त्यांच्यापैकी एक आजी आमच्याकडे आल्या. आडनाव सांगितल्यावर त्यांनी सूचीत बघून फलकाचा आणि ओळीचा आकडा काढून दिला. नावं एबीसीडीप्रमाणे नाहीत, मृत्यूच्या तारखेप्रमाणे आहेत. त्यामुळे एकाच दिवशी पडलेले एकमेकांना लागून येतात. दर दहाव्या ओळीला कडेला बारीक ठिपका आहे, तिथून मोजत जायचं. आजींनी कागदाची पट्टी आणि पेन्सिल हातात दिली, आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायला सांगितलं. अण्णांनी कागद दोन्ही तळव्यांनी दाबून धरला, मी पेन्सिल फिरवली. काळ्या दगडात पाठीमागची झाडं आणि आमचे चेहरे दिसत होते, आणि कागदावर एकेक अक्षर पांढरं उमटत होतं. आजी कडेला उभ्या होत्या. घाई नाही, भाषण नाही. आदल्या दिवशीच्या पंचावन्न डॉलरांत हे मिळालं नव्हतं.

मग अण्णांनी विचारलं, "यातले पदकवाले कोणते?" मी भाषांतर केलं. आजी म्हणाल्या, भिंतीवर हुद्दा नाही, पदक नाही, फक्त नावं. ५८,००० हून जास्त नावं, सगळी एका मापाची. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "बरोबर आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण मग त्यांचं वेगळं कुठाय? आपल्याकडे दिल्लीत २१ परमवीरांचे पुतळे आहेत तसं?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, कारण या विषयाच्या बातम्या मी आवर्जून वाचते. मेडल ऑफ ऑनर हे इथलं सर्वोच्च शौर्यपदक आजवर साडेतीन हजारांहून अधिक जणांना मिळालंय, पण त्या सगळ्यांसाठी राजधानीत राष्ट्रीय स्मारक नाही. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, २०२१ मध्ये कायदा करून ते बांधायला परवानगी दिली. सरकारी पैसा नाही, खर्च एका फाउंडेशनने उभा करायचा. खरी अडचण जागेची. नॅशनल मॉल म्हणजे ही सगळी स्मारकं जिथे आहेत ती लांबलचक हिरवळ. तिच्या मधल्या पट्ट्यात नवं स्मारक नको, असं काँग्रेसनेच २००३ मध्ये ठरवलं होतं. म्हणून लिंकन मेमोरियलजवळच जागा द्यावी यासाठी वेगळं विधेयक आणलं गेलं. त्याला वुडी विल्यम्स यांचं नाव दिलंय. १९४५ मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावरच्या लढाईत फ्लेमथ्रोअर (आग फेकणारं शस्त्र) घेऊन ते एकामागून एक शत्रूचे बंकर उडवत गेले. त्यांना आडोसा देताना दोघे मरीन सैनिक मारले गेले, आणि हे पदक खरं त्या दोघांचं, असं विल्यम्स जन्मभर सांगत राहिले. २०२२ मध्ये ते गेले. दुसऱ्या महायुद्धातले हयात असलेले ते शेवटचे पदकवीर.

मॉलवर गर्दी होतेय, मोकळी हिरवळ राखली पाहिजे, हे म्हणणाऱ्यांचं मला पटतं. तरी हे एक स्मारक इथेच व्हावं असं मला मनापासून वाटतं. हे पदक सुरू करणाऱ्या १८६१ च्या कायद्यावर सही राष्ट्राध्यक्ष लिंकननीच केली. आणि भिंतीवरच्या माणसांपासून पदकवाल्यांना लांब नेलं तर विल्यम्स जे सांगत होते तेच हरवेल. फक्त उंच काही नको. भिंत जशी जमिनीत उतरत जाते, तसंच काहीतरी बुटकं, शांत असावं.

जाणाऱ्यांसाठी: आधी भिंत बघा, मग लिंकन. दोन्ही अगदी जवळ आहेत, पण लिंकनच्या पायऱ्यांनी दम लागतो. सकाळी लवकर गेलात तर सूर्य आणि गर्दी दोन्ही कमी. पाणी सोबत ठेवा, सावलीतला बाक दिसला की वयस्कर माणसाला बसवा. बसच्या नादी लागू नका. ठसा घेणार असाल तर पुठ्ठ्याची नळी न्या, घडी घातली की पेन्सिल पुसली जाते. आमच्याकडे नळी नव्हती. अण्णांनी कागद गुंडाळून शर्टाच्या आत ठेवला आणि मेट्रोत पूर्ण वेळ त्यावर हात धरून ताठ बसले.